नदीपर्यंतची गावं

प्रिय अनया,

पत्र मराठीत लिहितो आहे. तुला वाचायला वेळ लागेल, जोडाक्षरांशी अडखळशील आणि मग वैतागून कागद बाजूला ठेवशील, हे मला इथूनही दिसतं. जपानीत लिहिलं असतं तर पाच मिनिटांत वाचून मोकळी झाली असतीस. पण जपानीत मला फक्त ऑफिसातली क्षमा मागता येते. ती मी गेली चोवीस वर्षं दिवसातून वीसदा मागतो, लिफ्टमध्ये दुसऱ्याचा धक्का मला लागला तरी मीच मागतो, आणि आता तिच्यावर माझा स्वतःचाच भरवसा उरलेला नाही. फोनवर तर आपलं बोलणं ठरलेलं आहे. जेवलीस का, थंडी किती आहे, आईशी बोल. म्हणून हे पत्र. सावकाश वाच, पण पूर्ण वाच.

आधी बातमी. खालच्या मजल्यावरचे थाओ-सान, तुझे ओजीसान, आजोबाच म्हण, गेले. नोव्हेंबरच्या सव्वीस तारखेला. दोन दिवस आधी सकाळी गॅलरीत थर्मोकोलच्या पेट्यांना पाणी घालताना पडले, समोरच्या बाईंनी ॲम्ब्युलन्स बोलावली, इस्पितळात दोन दिवस होते, शुद्धीवर आले नाहीत. चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. तुझ्या आईने तुला फोनवर सांगते म्हटलं होतं, मीच तिला थांबवलं. मी सांगतो म्हणालो आणि मग दीड महिना सांगितलं नाही. तुझ्या आईच्या मते ही माझी जुनी सवय आहे. तिचं म्हणणं मी कधी नव्हे ते मान्य केलं.

तुला आठवणार नाही, पण त्यांची आमची ओळख मिरचीवरून झाली. आम्ही टोकियोजवळ ग्योतोकुला नवे होतो, तू व्हायची होतीस. एका रविवारी तुझी आई, दमयंती, अचानक पोळी लाटायची थांबली आणि म्हणाली, खाली कोणीतरी ठेचा कुटतंय. मी म्हटलं, तुला दादरची आठवण येतेय, दुसरं काही नाही. ती ऐकेना. तशीच पिठाच्या हातांनी खाली गेली आणि अर्ध्या तासाने वाटीभर हिरवागार ठेचा आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन वर आली. त्या काळी इथे कोथिंबीर म्हणजे चार काड्या प्लास्टिकच्या डबीत सजवून विकत. थाओ-सान ती पेट्यांमध्ये पेरायचे, आणि पुढे आमच्यासाठी एक पेटी वेगळी. दोघांचंही जपानी तोडकंमोडकं, पण मिरची आणि कोथिंबिरीला भाषा फारशी लागत नाही. मी मात्र सात-आठ वर्षं त्यांना व्हिएतनामी समजत होतो. कचरा टाकायला गेलं की भेटायचे. काच कुठे, डबे कुठे, जळणारं कुठल्या वारी, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. मी त्यांना त्यांचं गाव कोणतं हे एकदाही विचारलं नाही.

ते ह्मोंग आहेत हे मला तू सांगितलंस. पहिली-दुसरीत असशील. आम्ही दोघंही कामाला, म्हणून शाळेनंतर तू त्यांच्याकडे असायचीस, आणि जेवताना त्यांच्या गोष्टी आमच्या ताटात येऊन पडायच्या. चीनच्या डोंगरांतून त्यांचे पूर्वज लाओसच्या डोंगरांत आले, कारण चीनच्या राजाचे लोक त्यांना मारायचे. स्वतःचा देश असा कधी नव्हताच. मग अमेरिकेने लाओसमध्ये जगाला न सांगता एक लढाई चालवली आणि डोंगरातली पोरं त्यात सैनिक म्हणून घेतली. ओजीसान तेव्हा तेरा वर्षांचे होते. बाबा, माझ्यापेक्षा फक्त सहा वर्षांनी मोठे, असं तू बोटांवर मोजून सांगितलं होतंस. पुढे अमेरिकन निघून गेले, विमानांत बड्या अधिकाऱ्यांचे गोतावळे बसले आणि बाकीचे मेकाँग नदीकडे पायी निघाले. पलीकडे थायलंडच्या छावणीत वर्षानुवर्षं राहायचं आणि एखाद्या देशाच्या टेबलाशी नंबर लागायची वाट बघायची. धाकटा भाऊ अमेरिकेच्या टेबलाशी गेला, मेहुणा फ्रान्सच्या, आणि थाओ-सान आणि त्यांची बायको येर जपानच्या. यामातोच्या निर्वासित केंद्रात काही महिने जपानी शिकवलं, मग कावासाकी, मग ग्योतोकुच्या धक्क्याजवळचा लोखंडाचा कारखाना. येर आम्ही यायच्या आधीच वारल्या होत्या. कागदोपत्री ते लाओसचे, शेजाऱ्यांच्या लेखी दक्षिणेकडचे कोणीतरी, आणि माझ्या लेखी कोथिंबीरवाले. माणूस एका जिन्याच्या अंतरावर राहत होता आणि मी ही सगळी माहिती सात वर्षांच्या मुलीकडून घेत होतो.

आता २०११ चा अकरा मार्च, भूकंपाचा दिवस. ती गोष्ट आपल्या घरात किती वेळा सांगितली गेली आहे. आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आई मुंबईला, गाड्या बंद, फोन बंद, आणि बाबा निहोनबाशीच्या बँकेतून चालत निघाले, पूल बंद होता म्हणून मागे फिरले, रात्रभर रस्त्यात अडकले आणि सकाळी पहिल्या गाडीने आले. गणपतीत जमलेल्या लोकांना मी ती सांगायचो, तेव्हा तू उठून आत जायचीस. तुला ती खोटी वाटायची की कंटाळवाणी, मला कधी कळलं नाही. अनया, मी चालत निघालोच नव्हतो. पूल बंद नव्हता. माझ्याच खात्यातले दोन जण त्या पुलांवरून चालत इचिकावाला गेले, साडेतीन तास लागले त्यांना. आमचे साहेब ऑफिसात थांबले म्हणून मीही थांबलो. बँकेने पांघरुणं वाटली, भाताचे गोळे वाटले, मी यादी करून सह्या घेत होतो. रात्री काही गाड्या सुरू झाल्या होत्या म्हणे, मी चौकशीही केली नाही. तू शाळेत सुरक्षित असशील असं स्वतःला सांगितलं आणि ते मला पटलं.

शाळेत काय झालं ते मला तुझ्या बाईंनी नंतर सांगितलं. भूकंपानंतर मुलांना न्यायला कोण येऊ शकतं त्याचं एक कार्ड असतं, ते दर एप्रिलला पालकांनी भरून द्यायचं. त्यात तीन रकाने होते. मी दोन भरले, माझा आणि आईचा. तिसऱ्यात थाओ-सानचं नाव घाल असं दमयंती म्हणाली होती. मी म्हटलं, बरं दिसत नाही, शाळेला वाटेल आपलं इथे कोणी नाही. थाओ-सान घरातल्या सपाता घालून तसेच मैदानात आले, आणि कार्डावर नाव नाही म्हणून बाईंनी त्यांना दोन तास उभं ठेवलं. बाईंचा काही दोष नाही, त्यांनी नियम पाळला. शेवटी सगळी मुलं गेली, तू एकटी उरलीस, तेव्हा तू जाऊन त्यांचा हात धरलास आणि बाईंनी डोळेझाक केली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी आलो तेव्हा तुम्ही दोघं समोरच्या बागेत बाकावर बसला होतात. तू त्यांचा कोट घालून गरम भात खात होतीस. मी तुला उचललं आणि तू रडायला लागलीस, आणि हात त्यांच्याकडे केलास.

ते मी विसरू शकलो नाही. इतकी वर्षं मी त्याला वेगवेगळी नावं दिली. जबाबदारी म्हटलं, संस्कार म्हटलं, मुलीची काळजी म्हटलं. तो निव्वळ जळफळाट होता. रात्रभर माझ्या मुलीजवळ बसलेल्या माणसाचे मी आभार मानले, वाकून मानले, केकचा डबाही नेऊन दिला, आणि मनात त्याच्यावर दात धरला.

एप्रिलमध्ये तू चौथीत गेलीस. भूकंपाने थाओ-सान फार धसकले होते. घर पडलं असतं, आपण मेलो असतो तर आपल्याला वाट कोणी दाखवली असती, ही त्यांची भीती. त्यांच्या लोकांत माणूस गेला की एक जाणता गाणारा त्याच्यापाशी बसतो आणि त्याच्या जिवाला आला त्या रस्त्याने मागे घेऊन जातो. मेला त्या गावापासून सुरुवात, मग त्याआधी राहिला ते गाव, मग त्याच्याही आधीचं. प्रत्येक ठिकाणच्या भूमीला सांगायचं, तुझं पाणी प्यायलो, तुझी लाकडं जाळली, आता येतो. असं करत जन्माच्या घरी पोचायचं, तिथे मधल्या खांबाशी त्याची वार, जन्मताना बाळामागून पडते ती, पुरलेली असते. ते त्याचं पहिलं वस्त्र. ते अंगावर चढवलं की मग पूर्वजांकडे जाता येतं. मधलं एखादं गाव सांगायचं राहिलं तर जीव तिथेच चाचपडत राहतो. गाणारे अमेरिकेत होते, सेंट पॉलला, भावाकडे. पण गावं ठाऊक होती फक्त थाओ-सानना, आणि त्यांना लिहिता येत नव्हतं. म्हणून त्यांनी तुला लिहायला बसवलं. कांजी गिरवायच्या चौकटींची तुझी एक कोरी वही होती, तिच्यात एका चौकटीत एक अक्षर असं तू हिरागाना लिपीत लिहीत होतीस. ग्योतोकु, कावासाकी, यामातो, बँकॉक, बान विनाईची ती छावणी, अशी मागे मागे जाणारी गावं. हे सगळं तुला माहीत आहे. मला ते तेव्हा अर्धंमुर्धं कळलं होतं, आणि समजून घेण्याची इच्छा नव्हती.

मे महिन्यात एका रविवारी मी तुझं दप्तर आवरत होतो. वही सापडली. शेवटच्या लिहिलेल्या ओळीत होतं, नदी. आणि पुढच्या चौकटींत, बाळ इथे. मी तुला हाक मारून विचारलं, तर तू अगदी शांतपणे सांगितलंस की नदी ओलांडताना बाळं रडली तर सैनिकांना ऐकू जाईल म्हणून त्यांना अफू चाटवायचे, आणि ओजीसानच्या मुलीला जास्त झाली, ती उठलीच नाही. मग विचारलंस, बाबा, बाळाला गाव असतं का, की तिला नदीच सांगायची? माझं डोकं फिरलं. आपल्याकडेही शेतावर जाणाऱ्या बायका तान्ह्यांना बाळगोळी देत, त्यात अफूच असायची, आणि त्यातली न उठलेली पोरं माझ्या आजीने मी सात वर्षांचा असताना मला नावानिशी सांगितली होती. तेव्हा घरात कोणी तिला गप्प केलं नव्हतं. पण मला त्या दिवशी निमित्त हवं होतं, ते मिळालं. पोरीकडून म्हातारा स्वतःच्या मरणाचे कागद लिहून घेतो, किती अभद्र, असं मी मोठ्याने म्हणालो आणि वही घेऊन खाली गेलो.

इतकं सभ्य जपानी मी आयुष्यात बोललो नसेन. अर्ज नाकारताना आम्ही ग्राहकाशी बोलतो ते. आपण केलेल्या मदतीबद्दल आम्ही ऋणी आहोत, तथापि मुलीच्या अभ्यासाचा विचार करता यापुढे तिला आपल्याकडे पाठवणं कठीण जाईल, ती आली तरीही कृपया दार उघडू नये. निम्मे शब्द त्यांना कळले नसतील. दार उघडू नये एवढं कळलं. ते वाकले, कळलं म्हणाले. मग वही तेवढी मिळेल का, असं विचारलं. वही माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होती. मी सांगितलं, ती परवाच्या कागदाच्या कचऱ्यात गेली. त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं. कागदाचा वार कोणता ते त्यांनीच मला शिकवलं होतं, आणि परवा तो नव्हता.

तू नंतर कितीतरी दिवस खाली जात होतीस. दार वाजवायचीस, चित्र काढून फटीतून सरकवायचीस, वर येऊन जपानीत म्हणायचीस, ओजीसान रागावलेत, मी गावाचं नाव चुकीचं लिहिलं असेल. मी म्हणायचो, म्हातारी माणसं असतातच लहरी. अनया, ते तुझ्यावर कधीच रागावले नव्हते. तू काहीही चुकीचं लिहिलं नव्हतंस. ते दाराच्या आत उभे असायचे, दमयंतीने एकदा दाराशेजारच्या खिडकीतून पाहिलं, दाराला हात लावून उभे. त्यांनी शब्द पाळला, एवढंच. तू त्यानंतर आमच्याशी मराठीत बोलणं हळूहळू सोडलंस, मला वाटलं वय आहे. तीन वर्षांपूर्वी तू मिनेसोटाचं विद्यापीठ निवडलंस, मी मित्रांना सांगत फिरलो की तिथे तिच्या विषयाचा विभाग चांगला आहे. सेंट पॉल तिथून नदीपलीकडे आहे हे मी नकाशात गेल्या महिन्यात पाहिलं.

इस्पितळातून फोन आला तो मला आला. मी म्हटलं, मी वरचा शेजारी, नातेवाईक नव्हे. बाई म्हणाल्या, त्यांच्या सगळ्या कागदांवर संपर्काच्या रकान्यात तुमचंच नाव आहे, दुसरं नाव नाही. गुरुनाथ, काताकाना लिपीत, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. दहन इथेच झालं, आम्ही दोघं आणि कारखान्यातले एक निवृत्त गृहस्थ एवढेच होतो. वाट दाखवायला कोणी नव्हतं. मी रामरक्षा म्हणायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलो, त्यांना तिचा काय उपयोग.

त्यांच्या पुतण्याचा, फेंगचा, नवीन वर्षात फोन आला. तुझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा असेल, तिकडेच जन्मलेला. भाऊ दहा वर्षांपूर्वीच वारला. फेंग म्हणाला, काकांचा कोट पाठवा, देहाच्या जागी तो ठेवून इथले जाणते वाट दाखवायला तयार आहेत, आणि मुलीने लिहिलेली वहीही पाठवा. मी विचारलं, कोणत्या मुलीने. तो हसला, म्हणाला, काका दर वर्षी फोनवर सांगायचे, काळजी करू नका, वरच्या मुलीकडे माझा रस्ता आहे. नदीपर्यंतचा कागदावर, आणि नदीपलीकडचा तिला तोंडपाठ. शाळेतून येताना आम्ही दोघं रोज म्हणायचो. मला हे माहीतच नव्हतं. मी समजत होतो की मी ते नदीशी थांबवलं.

वही या पाकिटात आहे. ती तेरा वर्षं माझ्या टेबलाच्या खणात होती, फेकली कधीच नाही, याला काय म्हणावं ते तू ठरव. कोट कालच फेंगच्या पत्त्यावर रवाना केला. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी सकाळी नऊ वाजता त्याच्या घरी सगळे जमणार आहेत, पत्ता आणि फोन वहीच्या मागच्या पानावर लिहिला आहे. नदीपलीकडची गावं फेंगला ठाऊक नाहीत, त्याच्या वडिलांनी कधी सांगितली नाहीत, आणि ती नकाशावरही नाहीत. आता ती फक्त तुझ्याकडे आहेत, असलीच तर. नऊ वर्षांच्या वयात पाठ केलेलं राहतं की नाही मला माहीत नाही, आणि ते टिकावं असं मी काहीही केलेलं नाही. मला क्षमा कर असं मी म्हणणार नाही, ती मागण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. तू तिथे जा. जेवढी गावं आठवतील तेवढी सांग. एकही आठवलं नाही तरी जा, आणि वहीतली नदीपर्यंतची वाचून दाखव. ते बाळ आहे तिथे थांब. आणि पुढची का नाहीत असं तिथल्या वडीलधाऱ्यांनी विचारलं, तर मान खाली घालू नकोस. माझं नाव सांग, पूर्ण नाव सांग, आणि मी काय केलं ते सांग.

तुझाच, तुझ्यापर्यंत चालत न आलेला,
बाबा
ग्योतोकु, १२ जानेवारी २०२५